गुंतवणूक की उसनवारी?

२०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतात ८१ अब्ज डॉलरची थेट परकीय गुंतवणूक आली. आदल्या वर्षापेक्षा ती जवळपास चौदा टक्क्यांनी अधिक होती आणि तिचा व्हायचा तो गाजावाजाही झाला. त्याच वर्षाच्या हिशेबात रिझर्व्ह बँकेने आणखी एक आकडा नोंदवला, तो म्हणजे देशात निव्वळ उरलेल्या थेट गुंतवणुकीचा. पहिल्या अंदाजानुसार तो अवघा ३५ कोटी डॉलर होता. मधली रक्कम गेली कुठे? येथे पूर्वी पैसा गुंतवलेल्या परदेशी कंपन्यांनी आणि निधींनी ५१.५ अब्ज डॉलर मायदेशी नेले, आणि भारतीय कंपन्यांनी सुमारे २९ अब्ज डॉलर परदेशात गुंतवले. २०२०-२१ मध्ये हाच निव्वळ आकडा ४४ अब्ज डॉलर होता.

या घसरणीचे दोन अर्थ लावले गेले. गुंतवणूकदारांचा भारतावरील विश्वास उडाला, असे विरोधकांनी म्हटले. गुंतवणूकदार सहज येऊ शकतो आणि सहज जाऊ शकतो हे बाजार प्रगल्भ झाल्याचे लक्षण आहे, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. दोन्ही म्हणण्यांत तथ्याचा अंश आहे. मात्र या वादात एक जुना समज कोणीच तपासून पाहिला नाही. थेट गुंतवणूक म्हणजे ‘देणे नसलेला’ पैसा आणि कर्ज म्हणजे ‘देणे असलेला’ पैसा, या विभागणीवर गेल्या तीन दशकांचे आपले परकीय भांडवलाचे धोरण उभे आहे. ही विभागणी कागदावर जितकी स्वच्छ दिसते तितकी व्यवहारात कधीच नव्हती.

ती आली कुठून, हे समजण्यासाठी १९९१ कडे जावे लागते. त्या वर्षी मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोने परदेशात विकले गेले आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण ठेवले. त्यातून मिळालेले ४० कोटी डॉलर आज एखादी मध्यम कंपनी एका फेरीत उभे करते. तेव्हा मात्र देशाची पत त्यावर टिकून होती. मार्च १९९१ अखेर देशावर ८३.८ अब्ज डॉलरचे परकीय कर्ज होते. त्याच्या आकारापेक्षा त्याची घडण अधिक घातक होती. निर्यातीतून आणि इतर चालू प्राप्तीतून येणाऱ्या प्रत्येक शंभर डॉलरपैकी पस्तीसहून अधिक मुद्दल व व्याज फेडण्यात जात होते. वर्षभराच्या आत परतफेडीचे असलेले अल्पमुदतीचे कर्ज परकीय चलनाच्या गंगाजळीच्या जवळपास दीडपट झाले होते. त्याच वर्षी, १९९०-९१ मध्ये, देशात आलेली थेट परकीय गुंतवणूक १० कोटी डॉलरही नव्हती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भागीदारीवर सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि त्या वादात आयबीएम व कोका-कोला देश सोडून गेल्या होत्या. सावकाराला दार उघडे आणि भागीदाराला बंद, अशी ती अवस्था होती.

२४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने भागीदाराचे दार उघडले. ३४ अग्रक्रमाच्या उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी भागभांडवलाला आपोआप मंजुरी मिळू लागली. दोन वर्षांनी सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने व्यवहारतोलाविषयीचा आपला अहवाल दिला आणि धोरणाला तात्त्विक पाया मिळाला: अल्पमुदतीचे कर्ज आवरा, व्यापारी कर्जावर वार्षिक मर्यादा घाला आणि चालू खात्यावरील तूट भरून काढण्यासाठी कर्ज न वाढवणाऱ्या भांडवलाला प्राधान्य द्या. पुढच्या कोणत्याही सरकारने, मग ते कोणत्याही पक्षाचे असो, हा क्रम बदलला नाही. त्याचे फळही मिळाले. परकीय कर्जाचे सकल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले प्रमाण मार्च १९९२ मध्ये ३८.७ टक्के होते, ते मार्च २००८ मध्ये १८ टक्क्यांवर आले. मार्च २०२५ मध्ये कर्ज ७३६.३ अब्ज डॉलरवर पोहोचले असले तरी प्रमाण १९.१ टक्केच आहे. चालू प्राप्तीतील परतफेडीचा वाटा पस्तीसवरून सुमारे साडेसहा टक्क्यांपर्यंत उतरला आहे. हे यश मोठे आहे आणि ते मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

प्रश्न तत्त्वाचा नाही, सीमारेषेचा आहे. भागभांडवल आणि कर्ज यांत आर्थिकदृष्ट्या फरक एकच. वाईट वर्षात कोण सोसतो? भागधारकाचा परतावा कंपनीच्या नशिबाशी बांधलेला असतो. नफा झाला तर लाभांश, नाही तर काही नाही. रुपया घसरला तर त्याच्या डॉलरमधील संपत्तीही घसरते. डॉलरमध्ये कर्ज देणाऱ्याचे तसे नसते. कंपनी बुडो वा तरो, रुपया पडो वा चढो, त्याचे मुद्दल आणि व्याज ठरलेल्या तारखेला ठरलेल्या चलनात द्यावे लागते. म्हणूनच संकटकाळात भागभांडवल धक्का शोषून घेते आणि कर्ज तो वाढवते. पण भागीदार म्हणून आलेल्याने सावकाराच्या अटी घातल्या, तर त्या पैशाला काय म्हणायचे?

महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर फार लवकर आणि फार महाग किमतीत शोधले. १९९३ च्या डिसेंबरात दाभोळ वीज कंपनी आणि राज्य वीज मंडळ यांच्यात करार झाला, तेव्हा तो देशातील सर्वांत मोठा परकीय गुंतवणूक प्रकल्प म्हणून मिरवला गेला. एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचे प्रत्येकी १० टक्के, असे तिचे भागभांडवल होते. पण प्रकल्पाचा मोठा भाग कर्जावर उभा होता आणि त्या कर्जात आयडीबीआयसारख्या आपल्याच वित्तसंस्था होत्या. विजेचा दर डॉलरशी जोडलेला होता आणि वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार मंडळाने भरायचा होता. त्याला राज्य सरकारची हमी होती आणि त्या हमीला केंद्राची प्रतिहमी. नाव भागीदारीचे आणि अटी खात्रीच्या उत्पन्नाच्या, असा हा व्यवहार होता. व्यवसायाची जोखीम परदेशी प्रवर्तकाकडून निघून मंडळाकडे, मंडळाकडून राज्याकडे आणि तेथून दिल्लीकडे सरकत गेली. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, दीड वर्षात मंडळाची बिले थकली, हमी आणि मग प्रतिहमी वापरली गेली, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. तोवर आकडेवारीत ही रक्कम थेट परकीय गुंतवणूक म्हणूनच बसलेली होती.

दाभोळनंतर असे करार दुर्मीळ झाले. सीमारेषा मात्र दुसऱ्या वाटेने धूसर होत राहिली. २००३ मध्ये भारताने थेट गुंतवणुकीच्या मोजमापाची पद्धत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या व्याख्येशी जुळवून घेतली. तोपर्यंत आपण प्रामुख्याने नव्याने आलेले भागभांडवल मोजत होतो. नव्या पद्धतीत त्यात दोन गोष्टी मिळवल्या गेल्या. पहिली, परदेशी कंपनीने येथे कमावून येथेच ठेवलेला नफा. दुसरी, मूळ कंपनी आणि तिची भारतीय उपकंपनी यांच्यातील कर्जाची देवाणघेवाण, जिला तक्त्यात ‘इतर भांडवल’ असे निरुपद्रवी नाव आहे. या बदलामुळे २००१-०२ चा आकडा सुमारे ३.९ अब्ज डॉलरवरून ६.१ अब्ज डॉलरवर गेला. बदल योग्यच होता. जगभर असेच मोजले जाते आणि चीनशी तुलना करताना आपला आकडा विनाकारण लहान दिसत होता. पण त्यानंतर ‘थेट परकीय गुंतवणूक’ या शब्दांत सीमा कधीच न ओलांडलेला पैसाही आला आणि चक्क कर्जही आले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत पुनर्गुंतवलेला नफा दरवर्षी १९ ते २० अब्ज डॉलरच्या घरात होता. या रकमेने एकही नवा डॉलर देशात आणला नाही. ती उद्या मायदेशी गेली, तर मात्र खरे डॉलर जातील.

मूळ कंपनीने आपल्या उपकंपनीला दिलेले कर्ज एकाच वेळी दोन तक्त्यांत दिसते. थेट गुंतवणुकीच्या साठ्यात ते ‘कर्ज साधने’ म्हणून असते आणि देशाच्या परकीय कर्जात ‘थेट गुंतवणूक: आंतरकंपनी कर्ज’ म्हणून. एकूण साठ्यात भागभांडवलाचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक आहे, म्हणजे कर्जाचा भाग लहान आहे, हे खरे. या लहानपणामुळेच त्याकडे कोणी पाहत नाही. पण लहान असूनही तो कशासाठी वापरला जातो हे पाहिले, तर मोठे प्रश्न उभे राहतात.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, परदेशी मालकाला भारतातील उपकंपनीत १०० कोटी रुपये घालायचे आहेत आणि तिचा व्याजापूर्वीचा नफा २० कोटी आहे. सगळी रक्कम भागभांडवल म्हणून घातली, तर २५ टक्के दराने ५ कोटी कर जातो आणि १५ कोटी उरतात. तीच रक्कम २० कोटी भागभांडवल आणि १० टक्के व्याजाचे ८० कोटी कर्ज, अशी विभागली, तर ८ कोटी व्याज खर्च म्हणून वजा होते, १२ कोटी नफ्यावर ३ कोटी कर बसतो आणि मालकाच्या हाती व्याज व नफा मिळून १७ कोटी येतात. मालक तोच, कारखाना तोच. पैशाला दिलेल्या नावामुळे भारताच्या तिजोरीत येणारा कंपनीकर ५ कोटींवरून ३ कोटींवर आला. व्याज देशाबाहेर पाठवताना त्यावर थोडा कर कापला जातो. त्याने फरक कमी होतो, नाहीसा होत नाही. आता एखाद्या मंदीच्या वर्षी नफा ४ कोटींवर आला असे धरा. पहिल्या रचनेत मालक थांबतो. दुसऱ्या रचनेत ८ कोटी व्याजाचे देणे तसेच उभे राहते आणि मालकच सावकार असल्याने वसुलीच्या रांगेतही तो भागधारकांच्या पुढे जाऊन बसतो.

ही युक्ती सरकारला माहीत नाही असे नाही. २०१७ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम ९४बी आणले. परदेशी संबंधित कंपनीला द्यायचे व्याज एक कोटी रुपयांहून अधिक असेल, तर व्याज, कर व घसाऱ्यापूर्वीच्या नफ्याच्या ३० टक्क्यांपुरतेच ते खर्च म्हणून मान्य होते. वरच्या उदाहरणात, घसारा बाजूला ठेवला तर, ८ पैकी ६ कोटीच वजा करता येतील. न मिळालेली वजावट आठ वर्षे पुढे नेण्याची मुभा मात्र आहे. दुसरीकडे, रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या बाह्य व्यापारी कर्जाच्या चौकटीत, ५० लाख डॉलरहून मोठे कर्ज थेट भागधारक असलेल्या परदेशी कंपनीकडून घेतले, तर कर्ज आणि भागभांडवलाचे ७ ला १ असे प्रमाण चालत असे. आपल्या उदाहरणातील ४ ला १ हे त्यापुढे सोवळेच म्हणायचे.

मॉरिशसची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १९८२ च्या करारामुळे मॉरिशसमार्गे आलेल्या गुंतवणूकदाराला भारतीय कंपनीचे भाग विकून झालेल्या नफ्यावर येथे कर नव्हता. मे २०१६ मध्ये करार सुधारला गेला आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या भागांच्या विक्रीवर कर लागू झाला. दीर्घकाळ रेंगाळलेली ती सुधारणा आवश्यकच होती. पण त्याच सुधारणेत मॉरिशसला जाणाऱ्या व्याजावरील भारतीय कराला ७.५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. भागीदाराची सवलत काढली आणि सावकाराला नवी दिली. तीस वर्षे भागभांडवलाला प्राधान्य देण्याचा घोष करणाऱ्या देशाने केलेली ही तडजोड तेव्हा फारशी चर्चेत आली नाही.

यापेक्षा नाजूक प्रकार म्हणजे दोन्हींच्या मधले कागद. परिवर्तनीय कर्जरोखे आज कर्ज असतात आणि उद्या भाग होतात, निदान व्हावेत अशी अपेक्षा असते. २००५ मध्ये बांधकाम क्षेत्र थेट गुंतवणुकीला मोठ्या प्रमाणावर खुले झाले, पण त्याला परदेशातून कर्ज घेण्याची मुभा नव्हती. साहजिकच ठरावीक परताव्याचा पैसा परिवर्तनीय कागदांच्या वेशात येऊ लागला. २००७ मध्ये नियम बदलला: पूर्णपणे आणि सक्तीने भागांत रूपांतरित होणारे कागदच भागभांडवल मानले जातील, बाकीचे कर्ज. तेव्हा गुंतवणूकदारांनी सक्तीच्या रूपांतराबरोबर पर्यायाचे कलम जोडले, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर ठरलेल्या किमतीला भाग प्रवर्तकाला परत विकण्याचा हक्क. मुद्दल आणि व्याज पुन्हा मागच्या दाराने आत आले. सप्टेंबर २०११ च्या अखेरीस सरकारने असे पर्याय असलेली गुंतवणूक कर्जच मानण्याचे कलम धोरणात घातले आणि उद्योगजगताच्या ओरडीनंतर महिनाभरात काढूनही टाकले. जानेवारी २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने मधला मार्ग काढला: पर्याय चालेल, खात्रीचा परतावा चालणार नाही.

या मधल्या मार्गाची परीक्षा लगेच झाली. जपानच्या डोकोमोने २००९ मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसमधील २६.५ टक्के भाग प्रत्येकी ११७ रुपयांना घेतले होते. ठरलेली उद्दिष्टे गाठली गेली नाहीत, तर डोकोमोला निम्म्या किमतीला, म्हणजे सुमारे ५८ रुपयांना, बाहेर पडता येईल अशी तजवीज करारात होती. कंपनीचा धंदा बसला आणि डोकोमोने २०१४ मध्ये तो हक्क वापरला. तोवर भागाचे वाजवी मूल्य २३ रुपये ३४ पैसे इतके खाली आले होते आणि त्याहून अधिक देण्यास परवानगी मिळेना. प्रकरण लंडनच्या लवादाकडे गेले. जून २०१६ मध्ये लवादाने सुमारे ११७ कोटी डॉलर देण्याचा निवाडा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचा आक्षेप बाजूला ठेवून तो अमलात आणण्यास मान्यता दिली. ही भागांची किंमत नसून करारभंगाची भरपाई आहे, असे न्यायालयाने मानले. कायद्याच्या दृष्टीने निकाल समजण्याजोगा आहे. पण धोरणाच्या दृष्टीने पाहिले, तर अर्धी जोखीम घेणारा भागीदार आणि अर्धे मुद्दल सुरक्षित असलेला सावकार यांत फरक काय, हा प्रश्न तसाच राहिला.

याच्या उलट उदाहरण पुण्याच्या सुझलॉनचे आहे. परदेशात विकलेले तिचे परिवर्तनीय रोखे भागांत रूपांतरित होतील असे तेजीच्या काळात सर्वांनीच धरले होते. भागाचा भाव कोसळल्यावर रूपांतर कोण करून घेणार? ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २० कोटी ९० लाख डॉलरची परतफेड कंपनीला करता आली नाही. नियमांच्या दृष्टीने हे रोखे पहिल्यापासून कर्जच होते. बाजाराने त्यांना भाग समजले होते इतकेच. पुढच्याच वर्षी, अमेरिकी फेडरल रिझर्व्हच्या एका संकेतानंतर, रुपया मे ते ऑगस्ट २०१३ या चार महिन्यांत डॉलरमागे ५५ च्या आसपासून ६८ च्या पलीकडे गेला. डॉलरचे कर्ज असलेल्या किती कंपन्यांनी वटणावळीच्या जोखमीपासून स्वतःचा बचाव केलेला नव्हता, हे तेव्हा कळले.

न्यायालयांतही या कागदांना स्थिर नाव नाही. कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर सक्तीने परिवर्तनीय रोख्यांचा धारक धनको म्हणून दावा करू शकतो का, या प्रश्नावर आयएफसीआयच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या करारापुरते ‘नाही’ असे उत्तर दिले; ते भागभांडवल ठरले. पण रूपांतर होईपर्यंत अशाच रोख्यांवरील व्याज कंपन्या करासाठी खर्च म्हणून दाखवत असतात. प्राप्तिकर खात्यापुढे कर्ज, परकीय चलन कायद्यापुढे भागभांडवल. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘बिगर-कर्ज साधनां’चे नियम केंद्र सरकारकडे आणि ‘कर्ज साधनां’चे नियम रिझर्व्ह बँकेकडे अशी अधिकारांची वाटणी झाली. त्यामुळे कागदाचे नाव आता कोणत्या कार्यालयाचा अंमल चालणार हेही ठरवते.

आता पुन्हा सुरुवातीच्या आकड्यांकडे वळू. २०२०-२१ च्या विक्रमी प्रवाहात जिओ प्लॅटफॉर्म्सचे भाग विकून आलेला पैसा मोठा होता. जून २०२० पर्यंत त्यातून १,१५,६९३ कोटी रुपये उभे राहिले आणि त्यात हक्कभाग विक्रीचे ५३,१२४ कोटी मिळवून, मार्चअखेरच्या १,६१,०३५ कोटींच्या निव्वळ कर्जातून मुक्त झाल्याचे रिलायन्सने जाहीर केले. म्हणजे त्या विक्रमी वर्षातील सर्वांत मोठ्या व्यवहाराने नवा कारखाना उभारण्याआधी जुने कर्ज हलके केले. यात गैर काही नाही. उलट रंगराजन समितीला अभिप्रेत असलेला कर्जाकडून भागभांडवलाकडे जाण्याचा प्रवास हाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीची २७,८७० कोटींची भागविक्री झाली, तेव्हा संपूर्ण रक्कम कोरियातील मूळ कंपनीकडे गेली. भारतीय कंपनीत एक रुपयाही आला नाही. भारतीय बचतदाराने परदेशी भागीदाराला मोकळे केले आणि ते ५१.५ अब्ज डॉलर अशा मोकळे होण्यातूनच साठत गेले.

म्हणून ‘देणे नसलेले भांडवल’ हा शब्दप्रयोग जपून वापरायला हवा. देणे असतेच, फक्त त्याची तारीख ठरलेली नसते. भाव चढलेले असताना, म्हणजे देशाला ते परवडत असताना, ते मागितले जाते हा भागभांडवलाचा मोठा गुण आहे, आणि या कसोटीवर ह्युंदाईने नेलेले पैसे दाभोळच्या थकलेल्या बिलांपेक्षा कितीतरी निरोगी आहेत. चिंता करायची ती भागाच्या नावाखाली तारीख आणि दर ठरवून आलेल्या पैशाची. तो नेमका किती आहे, हे जाहीर आकड्यांतून कळत नाही. उद्योग खाते आलेली गुंतवणूक सांगते. रिझर्व्ह बँक निव्वळ गुंतवणूक सांगते. परकीय कर्जाचे तक्ते मार्च व जूनअखेरीस रिझर्व्ह बँक आणि सप्टेंबर व डिसेंबरअखेरीस अर्थ मंत्रालय काढत आले आहे, आणि आंतरकंपनी कर्जाची ओळ त्यात तळाशी असते. परदेशी भागीदार असलेली प्रत्येक कंपनी दरवर्षी १५ जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेला परकीय देण्या-घेण्याचे विवरण भरून देते आणि त्यात भागभांडवल व मूळ कंपनीचे कर्ज वेगवेगळे लिहिते. परत विकण्याचा पर्याय, ठरलेला परतावा आणि रूपांतराची मुदत यांचे तीन रकाने त्याच विवरणात वाढवून क्षेत्रवार बेरीज जाहीर करणे, यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही.